पेन्शनवाल्याची वेगळी चूल

आठवडी बाजारात प्रवीण बँकेचं अंगठ्याचं मशीन घेऊन बसायचा. सोनीबाईने अंगठा पदराला पुसून लावला, थुंकी लावून लावला, मग दुसऱ्या हाताचाही लावून पाहिला. मशीन दर वेळी हिरवं व्हायचं आणि गप्प बसायचं.

"बाई, अंगठ्याचा काई दोष नाई," प्रवीण म्हणाला. "खात्यातच काई आलं नाई. मागच्या महिन्यातबी नव्हतं. तालुक्याले जाऊन विचारा."

सोनीबाई मोहटोल्याची. लहानपणी ताप आला आणि तिचा डावा पाय तिथेच वाढायचा थांबला. बाकीची सोनीबाई मात्र वाढत राहिली, आणि जीभ तर सगळ्यात जास्त. स्वतः तोडून आणलेली बांबूची काठी घेऊन ती अख्खं गाव फिरायची. गडचिरोलीच्या दवाखान्यातून दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढल्यापासून तिला सरकारचं अनुदान मिळत होतं. महिन्याला जे काय मिळायचं ते ती बाजारात स्वतःच्या हाताने उडवायची. एखादा तंबाखू-सुपारीचा खर्रा, पुडीभर सुके झिंगे, कधी बकरीच्या गळ्यासाठी लाल गोंडा. बकरीला गोंडा कशाला, असं विचारणारं घरात कोणी नव्हतं. तीच तर सगळी मजा होती.

पण दीड वर्षापूर्वी तिचा मोठा भाऊ जंगू घरी परतला. जंगू जंगलखात्यात गार्ड होता. सगळी नोकरी राजुऱ्याकडे गेली, बायको तिकडेच वारली, पोरं-बाळं नाहीत. रिटायर झाला तो ट्रंक आणि पेन्शन घेऊन थेट मायच्या घरी आला, रेशनकार्डावर नाव चढवलं आणि ओसरीवर पाट टाकून बसला. त्याला दोन्ही वेळा ताजा भात लागायचा. सकाळचा भात संध्याकाळी दिसला की तो ताटाकडे असा बघायचा, जणू कोणी चोरीचं सागवान वाढलं आहे.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने तालुक्याला गेली. ऑफिसातला बाबू भला माणूस होता. त्याने सोनीबाईला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं, "बाई, तुम्ही आणि तुमचे भाऊ एकाच कार्डावर आहात. एका चुलीवर जेवता, म्हणजे एक कुटुंब. भाऊंना पेन्शन आहे. ती धरली की घराचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातं. म्हणून अनुदान थांबलं."

"पन पाय तर माझा आहे," सोनीबाई म्हणाली.

"पाय तुमचाच आहे. पण उत्पन्न घराचं बघतात."

"त्याची पेन्शन सुरू झाल्यापासून माझा पाय काई लांब झाला नाई, साहेब."

बाबूला हसू आवरेना. "तुमचं म्हणणं बरोबर आहे बाई, पण नियम माझ्या हातात नाही."

जंगूच्या कानात मात्र एकच गोष्ट शिरली होती. "म्हंजे हे माझ्या पेन्शनमुळं झालं?" त्याने छाती पुढे काढून विचारलं. सरकारदरबारी आपली एवढी दखल घेतली गेली आहे हे त्याला आजवर माहीतच नव्हतं. परतीच्या एसटीत त्याने कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या कोंबडीवालीला सांगितलं आणि मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाला उठवून सांगितलं, की आमच्या बहिणीचं अनुदान माझ्या पेन्शननं बंद पडलं. सोनीबाई खिडकीबाहेर बघत होती. काठी जरा लांब असती तर तिने ती तिथल्या तिथे वापरली असती.

"तू कायले चिंता करते?" घरी आल्यावर जंगू म्हणाला. "माझी पेन्शन ते तुझीच नाई का? जे पायजे ते माग."

तिने पुढच्या बाजाराला मागितलं.

"कायले पायजे?" जंगूने विचारलं.

"झिंगे आनाले."

"परवाच तर मासे खाल्ले. अजून काय?"

"खर्रा."

"खर्रा चांगला नाई तब्येतीले. अजून?"

बकरीच्या गोंड्याचं नाव सोनीबाईने काढलंच नाही. ती त्या दिवशी बाजाराला गेली नाही. तिने जात्यावर हात ठेवला आणि दुपारभर विनाकारण दळत बसली.

संध्याकाळी शेजारचा इसरू आला. इसरू हा जंगूचा लहानपणापासूनचा सोबती, आणि गावातल्या प्रत्येक भानगडीवर त्याच्याकडे तोडगा असायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "सोपं आहे. चूल वेगळी करा. कार्ड वेगळं करा. सोनीबाईचं घर वेगळं, तुझं वेगळं. मंग तुझी पेन्शन तिच्या घरात मोजतच नाई."

"घर तर एकच आहे," जंगू म्हणाला.

"घर एक असलं तरी चालते. चूल पायजे दोन. अर्ज दिला का तलाठी मॅडम येते चौकशीले, दोन चुली पाह्यते, लिहून नेते. ती गेली का मोड दुसरी चूल."

पहिल्यांदा जंगू चिडला. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला तुम्ही सरकारला फसवायला सांगता? पण रात्रभर विचार केल्यावर त्याला त्यात वेगळंच काही दिसू लागलं. लाकूडचोरांचा ट्रॅक्टर पकडायला त्याने उभ्या हयातीत किती सापळे लावले होते! सकाळी उठला तो गणवेशातल्यासारखा ताठ. "हे पाह्य सोनी, काम करायचं तर पक्कं करायचं. तलाठी मॅडम केव्हाई येऊ शकते. सांगून आली तर ती कायची चौकशी? म्हून आजपासून खरंखुरं वेगळं राह्यचं. कोनाले शंका आली नाई पायजे."

"म्हंजे तू तुझं रांधशील?" सोनीबाईने विचारलं.

"रांधीन नं. त्यात काय आहे? चार दिवसाचा तर प्रश्न आहे."

अर्ज गेला. भांड्यांची वाटणी झाली. मायच्या काळातला भाताचा पितळी गंज, म्हणजे पातेलं, जंगूने मागितला आणि सोनीबाईने दिला नाही. ॲल्युमिनियमचा पोचा पडलेला त्याच्या वाट्याला आला. सोनीबाईला उठबस जमत नाही म्हणून रांधायची खोली तिच्याकडे राहिली. जंगूने बैलांच्या रिकाम्या कोठ्यात तीन दगड मांडले, माती लिंपली आणि आपल्या चुलीकडे कमरेवर हात ठेवून बघितलं. चूल छान झाली होती. पेटत तेवढी नव्हती.

पहिल्या दिवशी कोठ्यातून इतका धूर निघाला की इसरूची सून रंजीता पाण्याची बादली घेऊन पळत आली. त्या दिवशीचा भात खालून करपला होता, वरून कच्चा होता आणि मधल्या भागाला काय म्हणावं ते जंगूलाही कळलं नाही. अंधार पडल्यावर तो हळूच सोनीबाईच्या दारात आला.

"सोनी, थोडा भात आहे का?"

सोनीबाईला दया आली. तिने वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं. तिसऱ्या दिवशी तो न विचारताच पाट मांडून बसला आणि म्हणाला, "वरन पातळ झालं आज."

 सोनीबाईच्या डोक्यात त्याच वेळी काहीतरी शिजायला लागलं.

मॅडमचा निरोप आला तो रंजीताच्या मोबाईलवर. गावात रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली यायची आणि अर्जावर नंबर रंजीताचाच होता. टेकडी उतरून ती आधी सोनीबाईकडे आली. "बाई, तलाठी मॅडमचा फोन होता. नदीले पूर आहे, पूल पान्याखाली आहे. पूल मोकळा झाल्यावरच येईन म्हने."

"म्हंजे कधी?"

"या पावसाचं काय सांगता येते? पोळा झाल्यावर."

पोळ्याला चांगला महिना होता. सोनीबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "रंजीता, तुझ्या सासऱ्याले सांगतलं का हे?"

"नाई अजून."

"नको सांगू. जंगूभाऊलेबी नको."

रंजीताने तिच्याकडे पाहिलं. मग तिला समजलं आणि ती तोंडात पदर कोंबून पळाली.

संध्याकाळी जंगू पाटावर बसायला आला तर दार आतून लावलेलं. "दादा, आज नाई," सोनीबाई आतून म्हणाली. "मॅडम तालुक्यातून निघाली म्हने. केव्हाई टपकन येईन. तू माझ्या घरात जेवताना दिसला तर संपलं सगळं."

"पूल बुडाला आहे, ती कुठून येईन?"

"डोंग्यानं येईन. मागं डॉक्टर नाई आला का डोंग्यानं?"

डॉक्टर खरंच लाकडी डोंग्यात बसून पुरातून आला होता. जंगू मागे फिरला. थोड्या वेळाने कोठ्यातून धूर दिसू लागला.

त्यानंतर सोनीबाईला मॅडमची चाहूल रोजच लागू लागली. एकदा मॅडम शेजारच्या गावात मुक्कामाला होती. एकदा तिने पाठवलेला माणूस गुराख्याच्या वेशात फिरत होता; त्या दिवशी जंगूने एका खऱ्याखुऱ्या गुराख्याला कोठ्यात बोलावून आपली चूल, गंज, मिठाची बरणी सगळं दाखवलं आणि वर चहा पाजला. गुराखी चहा पिऊन गोंधळून निघून गेला. "पटलं त्याले," जंगू म्हणाला. सोनीबाई भिंतीआड तोंड दाबून हसत होती.

आणि तिच्या चुलीवर काय काय होत होतं! जंगू आल्यापासून वरण-भाताशिवाय दुसरं काही करायला तिला उसंतच मिळाली नव्हती. आता ती मनात येईल तेव्हा रांधायची. पावसात उगवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, चिरून तिने भाजी केली. आंबील केली. एका दिवशी तर काही रांधलंच नाही. भाजलेले मक्याचे दाणे खात ती दारात बसून राहिली आणि पावसाकडे बघत बसली. कोणी "जेवन झालं का?" असं विचारलं नाही. मायच्या आजारपणापासून आजवर तिच्या आयुष्यात असा दिवस आला नव्हता. संध्याकाळी तिला जरा अपराध्यासारखं वाटलं. मग तिने आणखी थोडा मका भाजला.

कोठ्यातला जंगू आधी वाळला, मग वैतागला, मग शिकला. रंजीताने त्याला भाताचं पाणी बोटाने मोजायला शिकवलं. लाखोरीची डाळ किती शिजवायची हे तो दोनदा चुकून तिसऱ्यांदा समजला. एकदा फोडणीत त्याचं मनगट भाजलं, तेव्हा सोनीबाई काठी टेकत गेली आणि तेल लावून आली. वाढून मात्र आली नाही.

पूल मोकळा झाला आणि तलाठी मंजुषा मॅडम स्कूटीवरून चिखल उडवत मोहटोल्यात आली. बरोबर जेवणाची वेळ होती. तरुण होती, पायात गमबूट होते. "जोहार," म्हणाली आणि ओसरीवर बसायच्या आधीच कोठ्यात गेली. जंगूच्या चुलीवर डाळ उकळत होती. तिने राख पाहिली, काळा झालेला गंज पाहिला, मग आत येऊन सोनीबाईची चूल पाहिली.

इथवर सगळं ठीक होतं. पण जंगूला एवढ्यावर समाधान होईना. "मॅडम," तो पुढे सरसावून म्हणाला, "आम्ही वेगळे म्हंजे पूर्न वेगळे आहो. एकमेकाशी बोलतबी नाई."

"का हो? भांडण झालं का?"

एवढी तयारी जंगूने केली नव्हती. तो सुचेल ते बोलून गेला. "हिच्या हातचं जेवन मले चालत नाई. चवच नाई तिच्या हाताले."

सोनीबाईच्या हातातला भाजी परतायचा सराटा खाली पडला. "काय म्हनला?"

"म्हंजे... आपलं... तसंच नं."

"माझ्या हाताले चव नाई? आल्यापासून पाटावरून उठला नाई तो कोनाच्या हातचं खाऊन? कच्चा भात खाऊन माझ्या दारात रडत कोन आलता?"

"रडत नव्हतो आलो! अन् तू दार लावून घेत होती. म्हने मॅडम डोंग्यानं येऊन राह्यली!"

मंजुषा मॅडमने भुवया वर केल्या. "डोंग्यानं? मी? अहो, मी तर फोन करून कळवलं होतं, की पूल मोकळा झाल्याशिवाय येणार नाही म्हणून. महिना झाला."

कोठ्यात उकळणारी डाळ ओसरीपर्यंत ऐकू येत होती. जंगू हळूहळू बहिणीकडे वळला. सोनीबाई छताच्या कवेलूंकडे बघू लागली.

"महिना?" जंगू म्हणाला. "अन् तो गुराखी?"

"गुराखी गुराखीच होता," सोनीबाई म्हणाली.

मग जे भांडण झालं ते ऐकायला अर्धा मोहटोला जमला. त्यात लहानपणीची बोरं निघाली, मायच्या औषधपाण्याला कोण होतं आणि कोण राजुऱ्याला होतं तेही निघालं. मॅडम मध्ये बसून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "थांबा. मला एकच सांगा. हे वेगळं राहणं खरं आहे की अनुदानासाठी नाटक?"

इसरूने डोळ्यांनी सोनीबाईला काय काय खुणावलं.  सोनीबाईने काठीवर दोन्ही हात ठेवले आणि सरळ मॅडमच्या डोळ्यात बघितलं.

"सुरुवातीले नाटकच होतं, मॅडम. तुम्ही गेल्या का दुसरी चूल मोडायची, असं ठरलं होतं. पन आता नाई. मले याच्यासाठी रांधायचं नाई. पेन्शन त्याची आहे, मी मागितलं तर तो इचारते कायले पायजे. मंग भात माझा आहे, मी कायले देऊ? तुमाले पटन ते लिहा."

असं काही बोलायचं तिने ठरवलं नव्हतं.  आता गेलंच सगळं, असं तिला वाटलं आणि तरीही वाटलं, की गेलं तर गेलं.

मॅडम उठून पुन्हा कोठ्यात गेली. जंगूच्या मनगटावरचा डाग तिने पाहिला, गंजातली डाळ सराट्याने ढवळून पाहिली. "एवढी चांगली डाळ नाटकात होत नाही," ती म्हणाली. "मी जे पाहिलं तेच लिहिणार. दोन चुली पेटलेल्या आहेत, दोघं वेगळं शिजवून वेगळं खातात. पुढचा निर्णय वरचे लोक घेतील. पण बाई, पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन हं. न सांगता."

"या नं," सोनीबाई म्हणाली. "चूल पेटलेलीच राहीन."

दिवाळीच्या आधी नवं कार्ड आलं आणि थंडी पडता पडता प्रवीणचं मशीन एकदाचं बोललं. इसरूने बाजारातून सोनीबाईच्या पुढे धावत येऊन ही बातमी सांगितली, तेव्हा जंगूने एक क्षण वाया घालवला नाही. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि कोठ्यात निघाला.

"कुठी चालला?" काठी टेकत मागून पोहोचलेल्या सोनीबाईने विचारलं.

"चूल मोडाले. झालं नं काम?"

"राहू दे ते."

"काऊन? अनुदान तर सुरू झालं."

"दोन चुली आहे म्हून सुरू झालं. मोडली तर पुन्हा बंद. अन् मी मॅडमले खोटं नाई सांगतलं, दादा. तुले ऐकू आलं नसन तर परत सांगते."

जंगू सब्बल टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा बघून सोनीबाईला क्षणभर मायची आठवण झाली. रुसल्यावर तीही असाच ओठ काढायची. दोन दिवस जंगू निषेध म्हणून इसरूकडे जेवला. तिसऱ्या दिवशी त्याने इसरूच्या घरातही भात ताजा नाही असं म्हटलं आणि इसरूच्या बायकोने कोठ्यातून त्याचा गंज आणून त्याच्या हातात दिला.

मग त्याने सोनीबाईशी बोलणं सोडलं. हे मात्र तिला लागलं. संध्याकाळी ओसरीच्या दोन टोकांना दोघं बसायची, मध्ये बकरी रवंथ करत असायची. सोनीबाईला वाटायचं, आपण फार ताणलं का? एकदा तर तिने त्याच्या वाटचा तांदूळही धुतला होता. पण नंतर तिने तो आपल्यात मिसळला आणि दुसऱ्या दिवशी आंबवून खाल्ला.

नव्या धानाचे दिवस आले. एका सकाळी जंगू नदीवर गेला आणि दुपारी ओली पिशवी घेऊन परतला. कोठ्यातून मसाला वाटण्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. संध्याकाळी तो सोनीबाईच्या दारात येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मासे रांधले. नवा भात आहे. येतेस का जेवाले?"

"कायले?" सोनीबाईने विचारलं, आणि विचारताच तिचं तिलाच हसू आलं.

जंगूलाही आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं. "ये म्हटलं तर ये."

कोठ्यात त्याने गोणपाट अंथरलं होतं. सोनीबाईने काठी भिंतीला टेकवली आणि बसली. मासे छान झाले होते, कांदा मात्र जरा करपला होता. जंगू ताटावरून वर न बघता वाट पाहत होता.

"मीठ जास्त झालं," ती म्हणाली.

"नाई झालं."

"झालं. पन रस्सा चांगला आहे. अजून वाढ."

त्याने वाढलं. तिने तेही संपवलं, हात धुतला, काठी घेतली आणि रिकामं ताट त्याच्यापुढे तसंच ठेवून आपल्या घराकडे निघाली.

"अवो, ताट?" जंगू मागून ओरडला.

"तुझ्या घरचं आहे ते," सोनीबाई न थांबता म्हणाली. "उद्या माझ्याकडं सुकवलेल्या वास्त्याची भाजी आहे. यायचं असन तर ये. आपल्या घरचं ताट आपन घासायचं."